थेट विमान असेल तरच

पत्रिका, गोत्र, पगार या सगळ्याला फाटा देऊन नुसतं विमानाचं वेळापत्रक बघून स्थळ पसंत करणारी बाई अख्ख्या पनवेल तालुक्यात एकच, आणि ती माझी धाकटी मावशी. विचुंब्याच्या आमच्या सोसायटीत तिच्या शब्दावाचून परदेशातलं लग्न ठरत नसे. मुलाकडचे घर, गाडी, बढती सांगत बसत, मावशी सगळं ऐकून घेई आणि शेवटी विचारी, "विमान कुठे बदलावं लागतं?" सिंगापूरचा मुलगा तिने चहा निवायच्या आत पसंत केला, कारण सिंगापूर तिच्या लेखी नाशिकच्या जरासं पुढे. ह्यूस्टनच्या एका डॉक्टरला मात्र "मुलगा चांगला आहे, गाव आडवळणी आहे" म्हणून नकार गेला.

पहिलटकरणीला कळा सुरू झाल्या की आईने पनवेलहून निघावं आणि मूल जन्मायच्या आत तिच्या उशाशी पोचावं, एवढीच मावशीची अट. "किलोमीटर मला सांगू नका, ते पक्ष्यांना सांगा," ती म्हणे. "माझ्या दारापासून तिच्या खाटेपर्यंत किती तास, ते बोला." कुठे रांग मोठी, कुठे गुडघेदुखीवाल्यांना चाकांची खुर्ची मिळते, सगळं तोंडपाठ. आपल्याकडे विमानतळाचा नुसता भराव पडायला लागला, तेव्हाच तिने सगळ्या हिशेबांतून मुंबईपर्यंतचा रस्ता वजा करून टाकला होता.

आणि तिच्याच लेकीने कॅनडातल्या एडमंटनचा मुलगा निवडला. दोन ठिकाणी विमान बदलायचं, दारापासून दारापर्यंत तीस तास. जावई कौतुकाने म्हणाला, "आई, सरळ रेषेत बाराच हजार किलोमीटर!" मावशीने त्याच्या पानात आणखी एक पुरणपोळी वाढली. दारावर मासे घेऊन येणारी मोरा बंदराची कोळीण एकदा तिला म्हणाली, "माजी पोर बाजूच्याच आळीत हाय, हाक मारली का येते. तुमी एवढ्या लांब कशाला दिली?"

"मी कुठे दिली? ती गेली," मावशी म्हणाली आणि बोंबील निवडत राहिली.

लेकीचे दिवस भरत आले तेव्हा मावशी चांगली तीन आठवडे आधी निघाली. धोका पत्करायला ती तयारच नव्हती. डिंकाचे लाडू, बाळंतशोपा, जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी घेऊन. विमानतळावर मीच तिला सोडलं.

तिचं दुसरं विमान उडालं आणि थोड्याच वेळात जावयाचा मला फोन. "ताई, मुलगी झाली! अचानकच सगळं. दोघी छान आहेत. आईंना कळवाल?"

मी मावशीच्या फोनवर निरोप धाडला. तो पोचणार नव्हता हे मला माहीत होतं, तरी धाडला. संध्याकाळपर्यंत सोसायटीत पेढे वाटून झाले. लोक अभिनंदन करत होते, मी हसून घेत होते, पण मला फार वाईट वाटत होतं. मावशी आजी झाली हे सगळ्या विचुंब्याला कळलं होतं. एकट्या मावशीला ठाऊक नव्हतं. ती कुठल्याशा समुद्रावर, पट्टा बांधून, घड्याळ बघत बसली असणार. तिच्या हिशेबाने ती अजून वेळेवर होती.