फाईल सिस्टीम आणि इर्जिक

वेल्ह्याच्या वरच्या अंगाला आमच्याकडे भातलावणी अजून इर्जिकीनं होते. आज सगळे तुमच्या खाचरात, उद्या तुम्ही त्यांच्या. ज्या घरातून माणूस येत नाही, त्या घराशी भांडत कोणी नाही. हळूहळू विसरून जातात. माझे गुडघे गेल्यापासून आमच्या घरचा माणूस म्हणजे माझा मुलगा.

यंदा तो लावणीला आला तो लॅपटॉप घेऊनच. पुण्यात एका कंपनीचे मोठे सर्व्हर तो सांभाळतो. नवे सर्व्हर आले होते आणि त्यांच्यावर कोणती फाईल सिस्टीम टाकायची, हे त्याला ठरवायचं होतं. रेंज फक्त गोठ्यापाशी मिळते, म्हणून म्हशीशेजारी खाट टाकून बसला. मी चहा घेऊन गेले.

"म्हंजी काय रं ते?"

"डिस्कवर कुठला माल कुठं ठेवायचा, त्याची शिस्त. एक आमच्या सवयीची हाय, लई जलद. ती हितनंच टाकीन."

"मग टाक की."

"दुसरी ठेवलेला माल काढताना तपासती. नासला असंल तर वरडून सांगती. पहिली गुमान नासका हातात देती."

"आन् त्या दुसरीला काय धाड भरलीय?"

"एवढ्या मोठ्या डेटाबेसचा भार तिला पेलतो का, ते हापिसात बसून बघाया लागंल. लावणी सरंल तवर." तो हसला. "तूच सांग, कुठली टाकू?"

हसून विचारलं, पण माझ्या तोंडाकडे बघत राहिला. पहिली म्हटलं असतं तर राहिला असता.

"मला इचारू नगंस. मी तू हितं राहशील तीच सांगणार. लोकांचा माल नासला की शिव्या तू खाशील."

"आन् इर्जिकीचं?"

"गावाला तुझी डिस्क कळत न्हाई. आला न्हाई, एवढंच कळतं."

"टोमणे नको मारूस, आई."

"टोमणा कुठला? हाय ते सांगते."

त्यानं दुसरी ठरवली आणि दुपारच्या एसटीनं गेला.

सकाळी मीच इरलं घेऊन शेजाऱ्यांच्या खाचरावर गेले. शेजारीण म्हणाली, "आत्याबाई, तुमी कशाला आला वो? बसा बांधावर." बसले. रोपांच्या मुठी मी लावणाऱ्यांच्या हातात देत होते, तोवर कोणी ना कोणी बोलत होतं. ओळ पुढच्या खाचरात सरकली, मग त्यांचं हसणं तेवढं ऐकू यायचं.

उद्या कुणाकडे जायचं, ते संध्याकाळी हातपाय धुताना ठरतं. ठरलं आणि सगळे आपापल्या वाटेला लागले. मला कोणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.