आई जिनिंगपुऱ्यात राहायला जाते म्हणाली तेव्हा: नागपूर ते आदिलाबाद, तीन दिवस

एका सकाळी पोहे खाता खाता आई म्हणाली, "आदिलाबादचं घर रिकामं झालं. आता मी तिथंच राहीन म्हणते."

दादानं पेपर खाली ठेवला. मी त्याच्याकडे बघितलं, त्यानं माझ्याकडे.

बाबा आदिलाबादच्या एका जिनिंग मिलमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, फिटर होते. मिलच्या मागं कामगारांची वस्ती आहे, तिला सगळे जिनिंगपुरा म्हणतात. तिथं बाबांनी दोन खोल्या बांधल्या. मी पाचवीपासून वर्ध्याला मामाकडे शिकले, त्यामुळं ते घर माझ्यासाठी फक्त सुट्टीतलं. बाबा गेल्यावर आई नागपूरला दादाच्या फ्लॅटवर आली आणि घर एका सरकारी कारकुनाला भाड्यानं दिलं. पुढं आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले, त्या कारकुनाचं ऑफिस निर्मल या नव्या जिल्ह्याच्या गावी गेलं, आणि रोजच्या बसला कंटाळून तोही बायकापोरांसह तिकडं गेला. म्हणून घर रिकामं.

"तू जा तिच्यासोबत," दादा मला बाजूला घेऊन म्हणाला. "दोन-तीन दिवस राहा. तिथले हाल तिला दिसू दे, आणि परत घेऊन ये." मी हो म्हटलं. मलाही तेच हवं होतं.

जानेवारीतल्या सोमवारी सकाळी आम्ही नागपूरहून बस पकडली. जाणाऱ्यांसाठी सांगते: रस्ता चौपदरी आणि छान आहे, साधारण चार-पाच तास लागतात. पांढरकवड्याला बस थांबली तर चहा घ्या आणि पाय मोकळे करा. पैनगंगेचा पूल ओलांडला की तेलंगण लागतं, पाट्यांवरची अक्षरं तेलुगू, गोल होतात, पण शेतं तीच राहतात, वेचून झालेला कापूस आणि हिरवी ज्वारी. पौषात येणार असाल तर केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेमुळं त्या भागातल्या बसना फार गर्दी असते, हे लक्षात ठेवा. राहायला स्टँडजवळ लॉज आहेत. आम्हाला घर होतं.

स्टँडवरून शेअर ऑटो मिळते. ऑटोवाला आईला हिंदीत म्हणाला, "जिनिंगपुरा अंदर तक नहीं जाएगा, रोड खराब है." आई त्याच्याशी तेलुगूत काहीतरी बोलली. तो हसला आणि थेट दारापर्यंत आला. काय सांगितलं म्हणून मी विचारलं, तर म्हणाली, "त्याची आई कुठं राहते ते विचारलं."

दार उघडायच्या आत शेजारची राजव्वा आली. बाबांच्या मिलमध्ये ती कापूस निवडायची, अजूनही जाते. घरी तेलुगू, गल्लीत मराठी. तिनं माझ्या हातातली पिशवी काढून घेतली.

"किती बारीक झाली वो बाई तू," ती आईला म्हणाली. "नागपुरात खाऊन नाही राह्यली का?"

जेवण तिच्याकडंच झालं. ज्वारीची भाकरी, लसणाचा ठेचा आणि आंबाडीची भाजी. राजव्वा तिला पुंटीकुरा म्हणते. आंबट, तिखट आणि वर कच्च्या तेलाची धार. आदिलाबादला गेलात तर स्टँडसमोर इडली-भजी खाऊन पोट भरू नका, कुणाच्या तरी घरी ही भाजी खायला मिळते का बघा.

मी मात्र कामासाठी आले होते. वस्तीत राहणं कसं आहे, असं राजव्वाला मुद्दाम आईसमोर विचारलं.

"आमी पंचायतीत होतो तवा रोजगार हमीचं काम भेटे," ती म्हणाली. "मग वस्ती म्युनिसिपालटीत गेली. काम बंद, घरपट्टी वाढली. नळ दिला तो गल्लीच्या तोंडाशी, आत नाही दिला."

"मग फायदा काहीच नाही?"

"हाय ना. रस्त्याला लाइट आली. पोरी ट्यूशनवरून येतात, भेव नाही. कचऱ्याची गाडी येते. आन मानूस पडला तं उचलाले दहा जण येतात, ते आधीपासूनच हाय."

मी आईकडं बघितलं. ती भाकरी मोडत होती.

दुसऱ्या दिवशी मला हवं ते सगळं दिसलं. सकाळी दोरीवरच्या आमच्या साड्यांवर कापसाची बारीक रुई-धूळ बसलेली होती. हंगामात मिलचं यंत्र उजाडल्यापासून घरघरतं, भिंतीला हात लावला तर कळतं. उघडी नाली दारासमोरून जाते. आईला खोकला सुरू झाला, थांबेचना. मी तिला गरम पाणी दिलं आणि म्हणाले, "बघितलंस?"

"बघितलं," ती म्हणाली.

त्या दिवशी कुंटाळा धबधबा बघायचा बेत होता, मी गाडीही ठरवली होती. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी आवाज चढले. म्युनिसिपालटीचा एक तरुण साहेब आला होता आणि बायकांनी त्याला नळाजवळ गाठलं होतं. "नीळ्ळु वस्त लेवु सार," पाणी येत नाही साहेब, एवढंच दहा जणी एकदम ओरडत होत्या. तो मोटरसायकलवरून उतरायलाही तयार नव्हता. आई पदर खोचून तिकडं निघाली. मी मागून.

ती ओरडली नाही. आधी मराठीत बायकांना गप्प केलं, मग तेलुगूत त्याला नमस्कार केला. तो तेलुगूत भराभर बोलला, तशी तीही बोलली. मला एक शब्द कळेना. राजव्वा माझ्या कानाशी सांगत होती. साहेब म्हणत होता, पाइपलाइन इथंच संपते, पुढच्या गल्लीला मंजुरी नाही. मग आईनं या भागातल्या कचेरीची भाषा काढली, जागेवरच्या पाहणीला तिथं मौक्याचा मुआयना म्हणतात.

"मंजुरी नंतर बघू. आधी मौक्याचा मुआयना करा साहेब. गल्लीच्या शेवटापर्यंत पायी चला. माझ्यासोबत चला, मी म्हातारी हळू चालते."

तो उतरला. आई पुढं, तो मागं, आणि दोन्हीकडच्या दारांत बाया. शेवटच्या घरात एक बाळंतीण होती. तिच्या दाराशी रिकामे हंडे होते. साहेब तिथंच फोन काढून कुणाशी तरी बोलला. पाइपचं त्यानं काही कबूल केलं नाही. गल्लीत एक दिवसाआड टँकर आत आणायचं मात्र कबूल केलं. राजव्वानं त्याला चहा पाजला आणि तो गेला.

धबधबा राहिलाच. गाडीवाल्याला मी फोन करून नाही म्हणून सांगितलं. पावसाळा संपता संपता जाल तर म्हणे पाणी भरपूर असतं.

मला धबधब्याचं वाईट वाटलं नाही. नागपूरला आई जेवायला हाक मारली की येते आणि टीव्ही लावला की बघते. भांडताना, हसताना, कुणाला पुढं घालून नेताना मी तिला कधी बघितलंच नव्हतं. ती तेलुगू बोलते हे मला माहीत होतं. इतकी बोलते, हे नव्हतं.

दुपारी उंबऱ्यात बसून आम्ही पोरींसारख्या बोरं खाल्ली. तिला पुन्हा खोकला आला. तो थांबल्यावर तीच बोलली.

"मीने, ही रुई मला नाही सोसायची. तुझे बाबाही खोकत होते, ते मी विसरले नाही."

"मग चल ना परत."

"परत चलते. पण मिल दिवाळीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालते. तेवढे महिने मी तुमच्याकडं. मिल बंद झाली की इथं."

"उन्हाळ्यात? इथलं ऊन किती असतं माहीत आहे ना?"

"नागपुरात काय बर्फ पडतो?"

मला हसू आलं. दादाला काय सांगायचं ते सुचत नव्हतं, पण तिला नाही म्हणायलाही काही उरलं नव्हतं. मी फक्त दोन अटी घातल्या. नालीवर दारापुरती फरशी टाकायची, आणि दवाखान्यात नेईल असा एक ऑटोवाला ठरवून ठेवायचा. दुसरी अट तिनं लगेच पुरी केली. कालच्याच ऑटोवाल्याचा नंबर तिनं आधीच घेतलेला होता.

बुधवारी टँकर खरंच आला, गल्लीच्या आत. आम्ही दुपारची बस धरली. राजव्वानं आंबाडीची जुडी ओल्या फडक्यात बांधून दिली.

दादा दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाही. मग एका रविवारी तोच फरशीवाल्याची चौकशी करायला लागला.

मार्च संपताना मी आईला सोडून आले. पाइप अजून आलेला नाही, खड्डे तेवढे खणून ठेवलेत. घरपट्टी भरली. भिंतीची घरघर थांबलीय. अशा वस्तीत राहायला जावं का, असं कुणी मला विचारलं तर मी आधी विचारीन, तिथं तुम्हाला ओळखणारं कोण आहे? कुणी नसेल तर नाली आणि धूळ फार जड जाईल. असेल तर निदान एक हंगाम राहून बघा.

आई नागपूरला होती तेव्हा ऑफिसातून फोन केला की मीच घाईत असायचे, ती एकेक गोष्ट लांबवत राहायची. परवा मी निवांत बसून तिला फोन लावला.

"आता नाही गं," ती म्हणाली. "बाया आल्या आहेत. संध्याकाळी कर." आणि तिनं फोन ठेवूनही दिला.