कोवळं आणि निबर

आमच्या यवतमाळच्या घरामागे मांडव एकच आणि हौशी माणसं दोन, म्हणून भांडण बारमाही. मला सगळं कोवळं लागतं. मटाराची शेंग जरा फुगली की वेलीपाशी उभ्यानेच सोलून खाते. आमच्या ह्यांना वाल हवेत, तेही निबर, दाणा टणक झालेले. "अवं, भरू तर दे शेंग! उतावळी नवरी, गुडघ्याले बाशिंग," हे त्यांचं पालुपद. बरोबरच आहे. वाट बघत बसणं माझ्या पिंडातच नाही.

निवृत्तीनंतर ह्यांना भोपळे वाळवायचा नाद लागला. वाळलेल्या भोपळ्यावर टोच्याने नक्षी कोरायची, भोकं पाडून आत दिवा सोडायचा. त्यासाठी मागच्या वर्षी कुठूनसं कडू तुंब्याचं बी आणलं आणि माझ्या दुधीच्या शेजारीच लावलं.

दुधीचं बी माझ्या आईचं, माहेरच्या ढाणकीचं. आई गेली, तिचं घरही विकलं. दरवर्षी एक दुधी बियांसाठी राखायचा, एवढंच तिचं माझ्याकडे उरलेलं. यंदा मी होतं नव्हतं ते सगळं बी पेरून टाकलं. पहिला दुधी चिरला, फोड जिभेवर ठेवली आणि थू! कडू जहर. दुसऱ्या वेलीचा तोडला, तिसऱ्याचा तोडला. सगळे तसेच.

ह्यांनीही चाखून चूळ भरली. हळूच म्हणाले, "मागच्या साली पाखरं माह्या तुंब्याच्या फुलावरून तुह्या दुधीच्या फुलावर फिरले असतीन. बी कडू झालं."

"मंग आता माह्या मायचं बी कुठून आणू मी?" मी ओरडलेच.

बैठकीत ह्यांनी पहिल्यांदा कोरलेला भोपळा टांगलेला होता. तुंबा यायच्या आधीच्या वर्षाचा, माझ्याच दुधीचा, न फोडलेला. त्यावर कापसाची बोंडं कोरायला त्यांना अख्खा महिना लागला होता. हलवला की आत बिया वाजायच्या. मी म्हणाले, "फोडा तो."

ह्यांनी आरी घेतली आणि बोंडांवरूनच चालवली.

बिया पेरल्या. दिवसातून चार वेळा मी माती उकरून बघायची. "उकरू नको वं, निघतीन," हे म्हणायचे. तीन निघाल्या. पहिला दुधी मी कच्चाच चाखला. गोड लागला. तिथेच बसून मी पोटभर रडले.

पण आता जीव थाऱ्यावर नसतो. भोपळा फोडला त्याच दिवशी ह्यांनी यंदा पुन्हा लावलेला तुंब्याचा वेल लटकत्या फळांसकट मुळापासून उपटला. संध्याकाळी हे मांडवाखाली हात मांडीवर ठेवून नुसते बसतात, आणि मी सतरांदा आतबाहेर करते. वेल उपटा असं मी म्हटलं नव्हतं. पण मी दारातच उभी होते, आणि त्यांना अडवलंही नाही.