आणखी वेळ द्यायचा का?

बायकोने आज देवापुढे सोनचाफा ठेवला आणि मी तिच्यावर उगाच खेकसलो. तो वास मला सोसत नाही.

भुईगावला नरेनच्या खोलीत त्या दुपारी तोच वास होता. औषधांचा वास मरावा म्हणून मावशींनी, म्हणजे त्याच्या आईने, वाडीतली फुलं पाण्याच्या वाटीत घालून उशाशी ठेवली होती. आम्ही ज्या प्रोग्रॅमिंग भाषेत काम करायचो, तिच्यात नवं काय घ्यायचं ते परदेशातली एक समिती ठरवते. आम्हा दोघांचा प्रस्ताव त्या दिवशी तिच्यापुढे होता. लॅपटॉप नरेनच्या पलंगावर होता. त्याला दम लागायचा, म्हणून बोलत मी होतो.

शेवटी अध्यक्षबाईंनी नेहमीचा प्रश्न मताला टाकला. समितीकडे वेळ थोडा आहे, तरी या प्रस्तावाला आणखी वेळ द्यायचा का?

पडद्यावर भराभर हात वर झाले. मी ओरडलोच. मावशी स्वयंपाकघरातून धावत आल्या.

"आई, आमचं पुढे गेलं!" नरेन म्हणाला. कितीतरी दिवसांनी त्याचा चेहरा उजळला होता.

"मग भाषेत कदी येनार ते?"

"चार-पाच वर्षं लागतील. हे असंच असतं गं."

मावशी उशाशी ठेवलेली वाटी उचलून पाणी बदलायला आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. आम्ही पुढच्या मसुद्याचं बोलत बसलो.

फुलं तर सकाळचीच होती.