कमलची मेडशी

"कमल गेली…" फोनवर यजमान एवढंच म्हणाले. मधल्या सुट्टीची घंटा नुकतीच झाली होती, वर्गात पोरांचा गलका होता, आणि मी चिडून विचारलं, "आता कुठं गेली? आज थोडाच बाजार हाय?" मग ते म्हणाले, "मेथी खुडता खुडता वावरातच पडली. दवाखान्यात नेईपर्यंत…" याला आता दीड महिना झाला. धाकट्या जावेच्या मरणाची बातमी ऐकताना माझ्या तोंडून जे निघालं, त्यामागे किती वर्षांचं जळणं होतं, ते आज लिहायलाच हवं.

रिठदला आमची थोडी बागायत आहे. मी शाळेत शिक्षिका, कमल सातवी शिकलेली. भाजीचा सगळा कारभार तिच्या हाती. बाजाराच्या दिवशी ती पहाटेच वाशिमला जाई आणि दहापर्यंत परते. पाचेक वर्षांपूर्वी एकदा ती परतलीच नाही. सासूबाईंनी दारात येरझारा घातल्या. चारच्या एसटीतून कमल रिकाम्या टोपल्या घेऊन शांतपणे उतरली. भाजी लवकर खपली, समोर अकोल्याची गाडी उभी होती, तिच्यात बसून ती मेडशीला उतरली होती!

"मेडशीले आपलं कोन हाय?" सासूबाई कडाडल्या.

"कोनीच नाही. म्हनूनच उतरली. बसली होती जराशी."

मग दर महिन्याला एक दिवस ती जाऊ लागली. माझ्या दिरांनी कधी अडवलं नाही. परत आली की दोन दिवस तिचं सगळं संथ चाले, भाकरी थापणंसुद्धा. मी सहलींबरोबर कितीतरी गावं फिरले होते, पण तिथे पोरं सांभाळण्यापलीकडे काही पाहिलं नव्हतं. आणि ही, एकाच गावाला पुन्हा पुन्हा जाऊन इतकी भरलेली कशी येते? मला ते सहन होईना.

"तिथं बसून तू करतं तरी काय?" मी एकदा विचारलंच.

"इचार. घरी इचार करायले बसलं का कोनी तरी हाक मारते, अन् तो तुटते. तिथं पुरा होते."

"मंग मलेबी ने एकदा."

"ताई, राग नका मानू… दोघी गेलो तं बोलतच बसू ना आपन."

राग मानला. इतका, की आठवड्याभरात सासूबाईंच्या कानाला लागले, "गावात लोक बोलून राह्यले कमलबद्दल." कुणी एक शब्द बोललं नव्हतं. सासूबाईंनी तिचं जाणं बंद केलं. कमलने का, कोण, काही विचारलं नाही. आठ महिने ती बाजारातून सरळ घरी येत राहिली. पण तिचं बोलणं आटलं, कामाचा वेग विचित्र वाढला; खुडणं, निवडणं, धुणं, सगळं कुणीतरी पाठीमागे लागल्यासारखं. मला वाटलं होतं, आता बरं वाटेल. नाही वाटलं. शेवटी मीच सासूबाईंना म्हटलं, "जाऊ द्या तिले."

ती गेली, संध्याकाळी आली, माझ्याजवळ बसून शेंगा सोलू लागली. मग मान वर न करताच हळूच म्हणाली, "ताई, लोक बोलायचे थांबले वाट्टे?"

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. तिने पुन्हा कधी तो विषय काढला नाही. मी माफीही मागितली नाही… आज मागून काय उपयोग?

मागच्या रविवारी मी एकटीच मेडशीला गेले. फाट्यावरच्या चहावालीने गाव विचारलं आणि लगेच म्हणाली, "रिठदच्या भाजीवाल्या बाई लय दिवसांत आल्या नाही?" मी सांगितलं. तिने पदर डोळ्यांना लावला. "किती हसायच्या वो त्या!"

आमच्या घरात कमलला खळखळून हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. त्या परक्या बाईचा मला हेवा वाटला. जिवंतपणी कमलचा वाटायचा तसाच.

"त्या तिथं बसायच्या," तिने टपरीमागचा लाकडी बाक दाखवला. समोर तुरीचं वावर, वर नुसतं आभाळ. मी बसले. हे सगळं ती इतकी वर्षं एकटीच पाहत होती, या विचाराने पुन्हा आत जळलं. वाशिमची गाडी आली. मी उठू लागले, आणि बसले. गाडी निघून गेली. अर्ध्या तासाने दुसरी आली.

मी तीही जाऊ दिली.