नरहरीकाकांचा वाफसा

वसईत आमच्या नरहरीकाकांची केळीची आणि पानवेलीची वाडी. घरात दोन संडास बांधलेले, तरी काका सकाळी उठून केळींमागेच उभे राहायचे. धुण्याच्या दगडावरून प्रेमलताकाकी रोज ओरडायची, "अहो, लाज वाटू द्या थोडी." काका गुणगुणत परत यायचे. इतका निर्लज्ज आणि इतका लाडका माणूस मी दुसरा पाहिला नाही.

२००३ साली केळींमागे लाल धार दिसली. काकांनी दोष दिला बिटाच्या कोशिंबिरीला. महिनाभर बिटं बंद, रक्त चालूच. शेवटी मीच त्यांना धरून मुंबईच्या इस्पितळात नेलं. मूत्राशयाचा कॅन्सर निघाला. सर्जन म्हणाले, मूत्राशय काढून पोटावर पिशवी लावू. बाहेर आल्यावर काका म्हणाले, "उमंग, पिशवी लावून मी केळीत कसा उभा राहू रे?" मला हसू आलं नाही. त्या दिवसापासून काकीचं ओरडणंही बंद झालं.

दुसरा मार्ग किरणांचा. तो डॉक्टर संपदा यांनी समजावला. गाठीच्या आत प्राणवायू कमी असला की किरणांचा जोर चालत नाही. म्हणून दीड-दोन तास आधी जीवनसत्त्वाच्या गोळ्या घ्यायच्या आणि किरण देताना मास्कमधून प्राणवायू, त्यात जरासा कार्बन डायऑक्साइड. "यावर अजून अभ्यास चालू आहे. खात्री देत नाही," त्या म्हणाल्या.

"म्हणजे आत वाफसा नाही," काका म्हणाले. "माती पाण्यानं गच्च झाली की मुळांना वारा मिळत नाही. मग कितीही खत घाला, लागत नाही." बाईंनी तो शब्द वहीत लिहून घेतला, आणि काका घरी येईपर्यंत त्याच खुशीत होते.

बाईंची एकच सक्त ताकीद होती, विडी बंद. विडीचा धूर रक्तातली प्राणवायूची जागा अडवतो. काका हो म्हणाले आणि चौथ्या दिवशी काकीला पंपाच्या खोलीत अर्धं बंडल सापडलं. तिनं ते त्यांच्या पुढ्यात ठेवलं. "वेलीखाली पाणी साचलं तर ताटावरून उठून चर खणता. आणि स्वतःचा वाफसा स्वतःच घालवता?" काकांनी बंडल उचलून पाण्यात भिजवलं. पुन्हा विडी दिसली नाही.

किरणांचे चार आठवडे गोळ्यांनी मळमळायचं, लघवीला आग व्हायची. काका कुरकुरले भरपूर, पण एक दिवस चुकवला नाही.

सहा महिन्यांनी दुर्बीण घालून तपासलं. गाठ दिसली नाही. तपासण्या चालू राहतील, पण पिशवी नको, असं बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाडीवरच होतो. काका उठून केळींमागे गेले. चादर आपटता आपटता काकी थांबली आणि धार संपेपर्यंत ऐकत राहिली. मग पदरानं डोळे पुसून ओरडली, "अहो, लाज वाटू द्या थोडी."