मधूची बॅग

सहा वर्षं झाली, हे माझ्या तोंडून निघालं नाही. बायकोसमोर नाही. विहारात डोळे मिटून बसतो तिथेही नाही, तिथे तर मी मुद्दाम दुसरंच काही आठवत बसतो. तुला सांगतो, कारण तू मधूला ओळखत नाहीस.

मधू आणि मी रांझीच्या क्वार्टरमध्ये समोरासमोर राहायचो. दोघांचे बाप विदर्भातून इकडे हिंदी मुलुखात येऊन एकाच कारखान्यात लागले, पुढे आम्हीही. तो माझ्यापेक्षा चांगला कारागीर होता. हे आधी कबूल करतो — हे सोपं आहे.

त्याला दमा होता. कारखान्यात कोणाला पत्ता नव्हता. पंप तो संडासात जाऊन ओढायचा. ठाऊक होतं फक्त त्याच्या बायकोला, शोभावहिनीला — आणि मला. मला त्यानं स्वतः सांगितलं होतं.

त्या वर्षी भट्टी सेक्शनला नवा इनचार्ज नेमायचा होता. यादीत मधू पहिला, मी दुसरा. अशात आमच्या साहेबांनी मे महिन्यात पचमढीला जाऊन चौरागढ चढायचं काढलं. त्यांना पहाडाची हौस. सहा जण तयार झाले. मधू नाही म्हणाला. मग त्याला मनवायला त्याच्या घरी कोण गेलं असेल?

"काहून नाही येत? साहेब विचारतील ना," मी म्हणालो. "आरामात चढू. मी आहे ना."

शोभावहिनी दारात उभी होती. "तुम्ही आहात म्हणून पाठवून राहिली, भाऊजी."

तेव्हा माझ्या मनात काही होतं का? मी स्वतःला शंभरदा विचारलं, आणि शंभरदा नाही म्हणालो. होतं. साहेबांनी त्याला धापा टाकताना एकदा बघावं, एवढं होतं.

सकाळी नऊलाच दगड तापले होते. झाडं निष्पर्ण, सावली नावाला नाही. चढ, मग उतार, मग पुन्हा चढ, आणि शेवटी पायऱ्या — एक वळण संपलं की दुसरं. घाम मानेवरच सुकत होता. पायऱ्या लागल्या तसा मधूचा श्वास वाजू लागला. बारीक, शिट्टीसारखा. ती शिट्टी मी ओळखत होतो.

"बॅग दे इकडे," मी म्हणालो.

त्यानं दिली. साहेब म्हणाले, "दोस्त हो तो ऐसा." कोणीतरी दोन बॅगांसकट माझा फोटो काढला.

पंप बॅगेच्या बाजूच्या खिशात होता. सकाळी ठेवताना मी पाहिला होता.

मी तो काढून फेकला नाही. लपवला नाही. मी फक्त पुढे चालत गेलो — भरभर. मित्राचं ओझं घेऊन वर जाणाऱ्या माणसाला कोण काय म्हणणार?

एका वळणावर मी थांबून खाली पाहिलं. मधू पायरीवर बसला होता. एक हात कठड्यावर, दुसरा वर उचललेला. त्या हाताची बोटं तो मिटत होता, उघडत होता — पंप दाबतो तशी. ओरडायला त्याच्यात दम नव्हता. ती खूण जगात दोनच माणसांना कळली असती, आणि त्यातला एक तिथे उभा होता.

मीही हात हलवला. आणि साहेबांना म्हणालो, "कह रहा है, आप लोग चलो, मैं आता हूँ।"

वर पोचल्यावर मी शेंगदाणे खाल्ले. दऱ्याखोरी पाहिली, वारा छान होता. घाबरलो होतो म्हणू? नव्हतो. मला मजा येत होती — लहानपणापासून ज्याच्या मागे राहिलो, तो पहिल्यांदा माझ्या खाली होता.

पायऱ्यांवर लिंबूपाणी विकणारी एक बाई धापा टाकत वर आली. "आपका आदमी नीला पड़ गया है!" साहेब ओरडले, याची काही दवा आहे का? मी दोन्ही बॅगा उलटसुलट केल्या. शोधण्याचं नाटक केलं. मग पंप बाहेर काढला, सगळ्यांच्या, साहेबांच्या डोळ्यांसमोर, आणि धावत खाली गेलो. धावणारा मीच होतो. सगळ्यांनी पाहिलं.

डोलीवाल्यांनी त्याला खाली नेलं. तो वाचला. पण गोष्ट फुटली. मेडिकल झालं, आणि त्याला गेटजवळच्या टेबलावर पास लिहायला बसवलं. पंधरा वर्षं यंत्रावर चाललेले हात. भट्टी मला मिळाली. शोभावहिनीनं पेढे आणले. "तुम्ही नसते तर..." म्हणाली आणि रडली. मी पेढा खाल्ला.

मधूनं एकदाच विचारलं. बरं वाटू लागल्यावर, माझ्या अंगणात चहा पिताना, अगदी सहज. "तू वळून पाहिलं होतं ना रे? मी हात करून राहिलो होतो."

"दिसलाच नाहीस भाऊ," मी म्हणालो. "ऊन डोळ्यांवर होतं."

"अच्छा," तो म्हणाला. "मलाही तसंच वाटलं." आणि त्यानं चहा संपवला.

मी खाली पाहिलं तेव्हा सूर्य माझ्या पाठीमागे होता.